एक्केचाळीस सेकंदांची क्लिप: आमच्या सोसायटीतलं एक प्रकरण

आमच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईंवर चोरीचा आळ घेणारी एक क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. सुरुवातीलाच सांगून टाकते, ती पुढे पाठवणाऱ्यांत मी पण होते. मी कॉलेजमध्ये माध्यमं हा विषय शिकवते, बातमी कशी बनते, कॅप्शनमुळे फोटोचा अर्थ कसा फिरतो, हे सगळं दर वर्षी वर्गात सांगते, आणि तरीसुद्धा त्या रात्री मी ती क्लिप पाच मिनिटांत पुढे ढकलली. म्हणून हे नीट लिहून काढायचं ठरवलं. ग्रुपचा सगळा चॅट एक्स्पोर्ट केला, त्यातल्या वेळा एका वहीत उतरवल्या, ज्यांनी ज्यांनी बोलायची तयारी दाखवली त्यांच्याशी बोलले. कुणाचंच नाव देत नाहीये, सोसायटीचंही नाही. ज्यांच्याबद्दल हे सगळं आहे त्यांना मी मावशीच म्हणते, त्यांना विचारूनच लिहितेय, फक्त "माझं नाव नको ताई" एवढी एकच अट त्यांनी घातलीय.

आमची सोसायटी पुण्यात कर्वेनगरात आहे. चार विंग, बरेचसे फ्लॅट मालकांचेच, थोडे भाड्यानं दिलेले. मावशी आमच्याकडे तीन घरी आणि शेजारच्या सोसायटीत दोन घरी काम करायच्या, म्हणजे पाच घरं, सकाळी साडेसातला सुरू करून दुपारी दोनपर्यंत. अकरा वर्षं येतायत. राहायला जवळच्याच वस्तीत, मुलगी बारावीला.

मंगळवार

दिवाळीच्या आधीचा मंगळवार. ह्या दिवसांत आमच्या गेटवर पार्सलांची नुसती रीघ लागलेली असते, कुरिअरवाली मुलं वर जात नाहीत, बी विंगच्या खालच्या लॉबीत एक लोखंडी रॅक आहे त्यावर सगळं ठेवून जातात आणि वॉचमन रजिस्टरमध्ये लिहितो, लिहायला वेळ मिळाला तर. बी विंगमधल्या काकूंनी चांदीचं निरांजन मागवलं होतं. दुपारी त्यांच्या मोबाईलवर 'डिलिव्हर्ड' असं दिसलं, त्या खाली आल्या तर रॅकवर काहीच नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघितली, आजूबाजूला विचारलं, मग साडेआठच्या सुमाराला कमिटीतल्या एकांना घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये फुटेज बघायला गेल्या. दिवसाचा वॉचमन आठला ड्युटी संपवून घरी गेला होता. केबिनमध्ये रात्रपाळीचा मुलगा होता, तो नवीन, त्याला दिवसाचं काहीच माहीत नव्हतं. ही गोष्ट तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही पण नंतर सगळं प्रकरण इथंच अडकलेलं निघालं.

फुटेजमध्ये सकाळी ११:२० च्या आसपास मावशी लॉबीत येताना दिसतात. रॅकपाशी थांबतात, एकदा मागे वळून बघतात, परत एकदा बघतात, एक खाकी खोका उचलतात, खांद्यावरच्या कापडी पिशवीत टाकतात आणि भराभर निघून जातात. बस एवढंच. काकूंनी मॉनिटरसमोर मोबाईल धरून ते शूट केलं. एक्केचाळीस सेकंद. आवाज नाही, कारण कॅमेऱ्याला माईकच नाही, आणि मोबाईलमध्ये जो आवाज आलाय तो केबिनमधल्या पंख्याचा.

८:४७ ला ते ग्रुपवर पडलं. वर लिहिलेलं, "ही बघा आपल्या सोसायटीतली चोरी. दिवसाढवळ्या. ओळखता का कुणी?" आणि पुढे रागाचे लाल चेहरे.

मी ८:४९ ला बघितलं. अजून आठवतं, मी ओट्यापाशी उभी होते, चकलीची भाजणी मळायला घेतली होती, एक हात पिठाचा आणि दुसऱ्या हातात फोन. मावशींना ओळखायला मला एक सेकंद पण लागला नाही. पोटात गोळा आला. आणि पहिला विचार काय आला, तर अरे ह्या नणंदेकडे पण जातात, तिला सांगायला हवं. माझी नणंद शेजारच्या सोसायटीत राहते, मावशींना तिच्याकडे कामाला मीच लावून दिलं होतं. ८:५२ ला मी क्लिप तिला पाठवली, सोबत लिहिलं, "बघ गं, विश्वास बसत नाहीये." 'विश्वास बसत नाहीये' असं लिहिलं आणि विश्वास ठेवूनच पाठवली. नणंदेचा लगेच फोन आला, "वहिनी, उद्यापासून नको सांगते मी त्यांना, घरी आईंचे दागिने असतात." मी म्हटलं, बरं.

साडेनऊपर्यंत पाचपैकी चार घरांतून मावशींना फोन किंवा मेसेज गेलेला होता. पावणेदहाला गेटच्या ॲपवर त्यांचा एंट्री पास ब्लॉक झाला. एकानंही फोनवर "मावशी, तो खोका कसला होता?" असं विचारलं नाही. मी हे चौघींनाही विचारलंय, आणि एक घर तर माझंच. मी फोनसुद्धा केला नव्हता, मेसेज टाकला, "मावशी सध्या येऊ नका, नंतर सांगते." अकरा वर्षं येणाऱ्या बाईला असा मेसेज.

घरकामाला ना नेमणुकीचं पत्र असतं ना नोटीस. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण काम सुटायचं ते आजही असं एका ओळीच्या मेसेजवर सुटतं. आणि हे पुणं आहे, इथल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. हे मी वर्गात शिकवलेलं आहे म्हणून इथे लिहिताना जास्त लागतं.

ग्रुपमध्ये नसलेले तिघं

आता खरं काय झालं होतं ते.

सी विंगमध्ये एक आजी राहतात, वय ब्याऐंशी, एकट्या, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. मुलगा बंगळूरला. मावशींचं पाचवं घर म्हणजे ह्या आजींचं. आजींच्या शुगर तपासायच्या स्ट्रिप्सचा खोका मुलानं ऑनलाईन पाठवला होता, तो रॅकवर आलाय असं वॉचमननं इंटरकॉमवरून सांगितलं, आणि आजींनी मावशींना म्हटलं, "अगं, येताना घेऊन ये, सकाळपासून तपासली नाहीये." मावशी लॉबीत आल्या, रॅकवर सात-आठ खोके, सगळे खाकी. त्यांना वाचायला जरा वेळ लागतो, त्यातून नावं इंग्रजीत. म्हणून त्यांनी मागे वळून वॉचमनला विचारलं हाच का, तो केबिनच्या दारातून म्हणाला त्याच्या बाजूचा, त्यांनी परत वळून दाखवला, तो हो म्हणाला. ते दोनदा 'इकडे तिकडे बघणं' म्हणजे हे होतं. भराभर गेल्या कारण आजी उपाशी बसल्या होत्या.

म्हणजे खरं काय ते तिघांना माहीत होतं, मावशींना, दिवसाच्या वॉचमनला आणि आजींना. आणि हे तिघंही ग्रुपमध्ये नव्हते. आजींकडे साधा फोन, तोही बहुतेक वेळा चार्जिंगला. वॉचमनना ग्रुपमध्ये घेत नाहीत. मावशींचा तर प्रश्नच नाही. आम्ही ग्रुपला सर्रास 'सगळे' म्हणतो, "सगळ्यांना कळवलं", "सगळ्यांचं म्हणणं पडलं", आणि त्या सगळ्यांमध्ये नेमकी ती तीन माणसं नसतात ज्यांना विचारायला हवं. मला ह्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. खोटं कुणी बनवलं नव्हतं हो. काकूंनी मुद्दाम काही केलं नाही, त्यांचं निरांजन खरंच गेलं होतं, त्यांनी जे दिसलं ते दाखवलं. पण ज्या खोलीत ते दाखवलं त्या खोलीत उत्तर देणारं माणूसच नव्हतं.

बुधवारी सकाळी मावशी नेहमीच्या वेळी गेटवर आल्या, मेसेज त्यांनी वाचलाच नव्हता, मुलगी वाचून दाखवते आणि ती क्लासला गेलेली. रात्री ज्यांचे फोन आले होते त्यांनी फक्त "उद्यापासून नको" म्हणून ठेवून दिला होता, का ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं दिवाळीत लोक गावाला जातात म्हणून असेल. गेटवर नवीन वॉचमननं अडवलं. त्या पाऊण तास बाहेर उभ्या होत्या. मी बाल्कनीतून बघितलं आणि आत आले. हे लिहायला सोपं जात नाही, पण तसंच झालं म्हणून लिहितेय.

त्यांना कारण कळलं ते संध्याकाळी, मुलीकडून. मुलीच्या क्लासमधल्या एका मैत्रिणीच्या आईच्या फोनवर ती क्लिप आली होती.

एकाची टोळी कशी झाली

बुधवारी रात्री तीच क्लिप मला परत आली, माझ्या मुलाच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर. वर दोन बाणांची खूण होती. व्हॉट्सॲपवर मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त हातांतून गेलेल्या मेसेजवर ती खूण येते. म्हणजे एका दिवसात किमान पाच उड्या. आणि कॅप्शन बदललेलं. "कोथरूड कर्वेनगर परिसरात पार्सल चोरणाऱ्या महिलांची टोळी सक्रिय. सावध राहा. जास्तीत जास्त शेअर करा." 'ही' ची टोळी झाली, आमच्या लॉबीचा परिसर झाला, आणि 'ओळखता का कुणी' हा जो एक प्रश्न होता तो गळून पडला.

फॉरवर्डवर मर्यादा आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा आली आणि एप्रिल २०२० पासून दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण तो एक चॅट म्हणजे दोनशे पालकांचा ग्रुप असला तर काय उपयोग. वेग कमी होतो, थांबत नाही.

ती २०१८ ची मर्यादा का आली हे आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तरी विसरायला नको. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा रविवार. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा फोनाफोनांतून फिरत होती आणि भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची. त्या काळात देशभर एक क्लिप फिरत होती, दोन जण मोटारसायकलवरून येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ती क्लिप मुळात कराचीमधल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं त्या मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. फिरणाऱ्या क्लिपमधून तो शेवट कापलेला होता.

आमच्या मावशींच्या जिवाला काही झालं नाही, दोन्ही गोष्टी एका मापाच्या आहेत असं मी म्हणतच नाहीये. पण रचना तीच आहे. चित्र खरं असतं. कुठं सुरू केलं आणि कुठं थांबवलं, आणि वर काय लिहिलं, एवढ्यावर सगळं फिरतं.

एडिटर काकांनी काय बघितलं

बुधवारी संध्याकाळी आजींना मुलाचा बंगळूरहून फोन आला, तो ग्रुपमध्ये आहे. "आई, त्या बाईला घरात घेऊ नकोस, तिनं रॅकवरचा खोका चोरलाय, व्हिडिओ आहे." आजी म्हणाल्या, "कुठला खोका? तो माझाच की रे." मुलगा म्हणे, तुला कळत नाही. मग आजींनी लँडलाईनवरून ए विंगच्या काकांना फोन लावला. हे काका निवृत्त फिल्म एडिटर आहेत, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, आजींच्या यजमानांचे दोस्त होते. काकांनी गुरुवारी सकाळी मला बोलावलं आणि म्हणाले, "चल, मागचं आणि पुढचं बघू."

तेव्हा दिवसाचा वॉचमन केबिनमध्येच होता. आम्ही तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "म्याडम, मीच सांगितलं होतं त्यांना हा घ्या म्हणून, मला कुणी विचारलंच नाही." मग काकांनी त्याच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ११:१६ पासून ११:३० पर्यंतचं सगळं फुटेज दोन वेळा बघितलं, तीन कॅमेऱ्यांचं. लॉबीच्या कॅमेऱ्यात वॉचमन दिसत नाही, तो फ्रेमच्या बाहेर आहे. गेटच्या कॅमेऱ्यात मात्र तो केबिनच्या दारात उभा राहून हात वर करून 'हा, हा' करताना स्वच्छ दिसतो. आणि सी विंगच्या कॅमेऱ्यात मावशी तोच खोका पिशवीतून काढून हातात घेऊन जिना चढताना दिसतात.

आणखी एक गोष्ट दिसली, ती मला आजपण डोळ्यासमोरून जात नाही. मावशींच्या तीन मिनिटं आधी ट्रॅकपॅन्ट घातलेले एक गृहस्थ येतात, आमच्याच सोसायटीतले, दोन खोके उचलतात, मागे वळून बघतात, बहुतेक लिफ्ट आली का ते बघत असावेत, आणि जातात. तेच वळणं, तीच मान. काकूंनी त्या रात्री हेसुद्धा बघितलं होतं. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "अगं ते तर आपलेच आहेत ना." त्यांनी हे कपटानं म्हटलं नाही, सहज म्हटलं, आणि मी तिथे असते तर माझ्याही मनात वेगळं काही आलं नसतं.

काका मला म्हणाले, आमच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे हा. कुलेशोव्ह नावाचा रशियन दिग्दर्शक होता, साधारण शंभर वर्षांपूर्वीचा, त्यानं एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि तो एकदा सूपच्या वाटीला, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईला जोडून दाखवला. बघणारे म्हणाले काय भूक दाखवलीय, काय दुःख दाखवलंय, काय ओढ दाखवलीय. चेहरा तोच होता. काका म्हणाले, "मावशींच्या त्या मान वळवण्यात काहीच नाहीये. 'चोरी' हा शब्द आधी वाचला म्हणून आपल्याला त्यात चोरी दिसली."

मी वर्गात ह्याच धर्तीचा दुसरा प्रयोग सांगते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर ह्यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा किती होता. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. पण जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. म्हणजे नुसतं बघणं बदलत नाही, आठवणसुद्धा बदलते. ग्रुपच्या चॅटमध्ये बुधवारी दुपारी एकीनं लिहिलंय, "मला तर आधीपासूनच त्यांचं वागणं संशयास्पद वाटायचं." दुसरीनं लिहिलंय, "गेल्या वर्षी माझा डबा हरवला होता तो पण." अकरा वर्षांत ह्यातलं काही कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. ते वाचताना मला त्या फुटलेल्या काचेचीच आठवण झाली.

दुरुस्ती करायला गेलो तेव्हा

गुरुवारी दुपारी बाराला कमिटीनं मेसेज टाकला. लांबलचक, तीन परिच्छेद, 'गैरसमजातून', 'खेद आहे' वगैरे. काकूंनी रडत रडत मूळ क्लिप 'डिलीट फॉर एव्हरीवन' केली, दोन दिवसांच्या आतलं होतं म्हणून झाली. पण त्यानं आमच्या ग्रुपमधली झाली, जिथं जिथं पुढे गेली होती तिथली नाही, लोकांच्या फोनमध्ये उतरवून ठेवलेली नाही. आणि एक उलटंच झालं. क्लिप गेल्यामुळे नंतर ग्रुप उघडणाऱ्यांना कमिटीचा माफीचा मेसेज कशाबद्दल आहे तेच कळेना. ज्यांनी क्लिप बघितली होती त्यातल्या कित्येकांनी तीन परिच्छेद वाचलेच नाहीत. क्लिपखाली त्या रात्री एका तासात चौसष्ट रिप्लाय होते. माफीच्या मेसेजखाली संध्याकाळपर्यंत नऊ, त्यातले सहा नुसते नमस्कार.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. एमआयटीच्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ ह्या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे सव्वा लाख बातम्यांचा अभ्यास केला होता, २०१८ मध्ये 'सायन्स' मध्ये आला. खोटी गोष्ट रीट्वीट होण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्याला सुमारे सहापट वेळ लागला. त्यात त्यांना असंही दिसलं की हे मुख्यतः माणसंच करतात, यंत्रं नाहीत. म्हणजे मी, पिठाच्या हातानं.

काका म्हणाले आपणही व्हिडिओच करू, तीन कॅमेरे जोडून पूर्ण, वर नीट मराठीत लिहू. मला पटलं. काकांनी अर्ध्या दिवसात केलासुद्धा, सुरेख केला होता. मग आम्ही दोघं मावशींच्या घरी गेलो दाखवायला.

मावशींनी तो पूर्ण बघितला. मुलगी दाराशी भिंतीला टेकून उभी होती, ती तीन दिवस क्लासला गेली नव्हती. बघून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हंजे परत माझंच तोंड दावणार व्हय लोकास्नी?"

आम्ही गप्प झालो. चेहरा ब्लर करतो, काका म्हणाले. त्या म्हणाल्या, "साडी तर तीच हाय." खरंच होतं. एवढं साधं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, त्यांना निर्दोष दाखवायला आम्ही परत त्यांनाच सगळ्यांसमोर उभं करत होतो. तो व्हिडिओ काकांनी तिथंच त्यांच्यासमोर डिलीट केला.

मग आजीच म्हणाल्या, मी बोलते. माझ्या फोनवर त्यांचा व्हॉईस मेसेज रेकॉर्ड केला. तीन वेळा करावा लागला, पहिल्यांदा बटण सुटलं हे न कळता त्या बोलतच राहिल्या, दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली. तिसरा हा, जसाच्या तसा: "मी सी विंगमधली. तो खोका माझ्या शुगरच्या पट्ट्यांचा होता. मी सांगितलं म्हणून तिनं आणला. माझ्या हातात आणून दिला. तुम्ही मला विचारायला हवं होतं, मी दोन जिने वरच राहते." बावीस सेकंद.

तो मेसेज मात्र लोकांनी ऐकला. मी पाठवला होता त्यामुळे मेसेज इन्फोमध्ये मला दिसत होतं, रात्रीपर्यंत बहुतेक सगळ्या ग्रुपनं ऐकला होता. मला वाटतं त्याचं कारण असं की त्यात खुलासा नव्हता, एक ओळखीचं माणूस बोलत होतं.

पण ग्रुपच्या बाहेर गेलेलं काय? तेव्हा आम्ही एक ठरवलं, ज्यानं ज्यानं क्लिप पुढे पाठवली त्यानं त्याच त्याच माणसाला, त्याच चॅटमध्ये, आजींचा आवाज पाठवायचा आणि खाली स्वतः लिहायचं की मी पाठवलेलं चुकीचं होतं, आणि त्यांनाही पुढे तसंच करायला सांगायचं. आमच्या सोसायटीतले नऊ जण पुढे आले. आणखी असणार, पण नऊ आले हेही मला कमी वाटत नाही, कारण 'मी पाठवलं' हे नावानिशी म्हणायला जड जातं. मी नणंदेला पाठवलं, मग फोन केला, मग तिच्या घरी जाऊन बोलले. शाळेच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा तिथल्या एका बाईंनी विचारलं, "पण टोळी तर आहे ना?" तिथे मी हरले. टोळीचा आजींशी काही संबंधच उरला नव्हता, त्या कॅप्शनला आता मावशींची पण गरज नव्हती.

सोसायटीतल्या एका वकिलांनी कायद्याचं सांगितलं, ते थोडक्यात लिहिते कारण ग्रुप ॲडमिन फार घाबरले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला, त्याचा त्यात सामायिक हेतू नसेल तर, जबाबदार धरता येणार नाही. पण टाकणाऱ्याचं आणि पुढे पाठवणाऱ्याचं तसं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. मावशींना आम्ही हे समजावून सांगितलं, तक्रार करायची असेल तर वकील फी न घेता उभे राहायला तयार होते. मावशी म्हणाल्या, मला चौकीची पायरी चढायची नाही, मला कामं पाहिजेत आणि सोसायटीच्या शिक्क्याचा कागद पाहिजे. कागद त्या शुक्रवारी मिळाला, अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांच्या सहीनं. त्यांनी तो लॅमिनेट करून घेतलाय.

निरांजन शनिवारी सापडलं. डी विंगमध्ये, त्याच नंबरच्या फ्लॅटच्या शेजाऱ्यांकडे. फोनवर बी आणि डी सारखंच ऐकू येतं, कुरिअरवाल्या मुलानं डी ऐकलं, तो फ्लॅट बंद होता, शेजाऱ्यांनी घेऊन ठेवलं आणि ते सगळे दिवाळीला गावी गेले. मावशींना चौघींनी कामावरून काढलं होतं, त्यातल्या तिघींनी परत बोलावलं, काकू त्या चौघींत नव्हत्या पण त्या स्वतः मावशींच्या घरी जाऊन आल्या. मावशी दोघींकडे गेल्या. माझ्या नणंदेकडे जायला त्यांनी नाही सांगितलं, शांतपणे, आणि नणंदेनंही आग्रह केला नाही. माझ्याकडे येतात. पहिल्या दिवशी मी माफी मागितली तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई," आणि भांड्यांना लागल्या, मग नळ बंद करून एकदम म्हणाल्या, "पर त्यो व्हिडिओ आता कुठं कुठं असंल ओ?"

मी सांगू शकले नाही. अजूनही सांगता येत नाही. मधे एकदा त्यांच्या मुलीनं मला विचारलं की मॅडम, समजा मी पुढे कुठं इंटरव्ह्यूला गेले आणि तिथल्या कुणी तो बघितलेला असला तर? मी तिला कागद आहे ना असं म्हटलं.

सोसायटीनं एक नियम केलाय, फुटेज कमिटीतल्या दोघांनी आणि त्या वेळी ड्युटीवर असलेल्या वॉचमननं मिळून बघायचं, मोबाईलनं शूट करायचं नाही, आणि फुटेजमधल्या माणसाला आधी विचारायचं. सहा महिने झाले, पाळला जातोय. रॅकवर आता विंगप्रमाणे चार खण केलेत आणि वर मराठीत अक्षरं लावलीत.

आजींच्या स्ट्रिप्स दर महिन्याला येतात. आता तो खोका वर मी नेऊन देते, कारण मावशी रॅकला हात लावत नाहीत. सी विंगला जायचा सरळ रस्ता त्या लॉबीतूनच आहे, पण त्या पार्किंगमधून मागच्या बाजूनं वळसा घालून येतात, पावसात पण.